चाचणीपुरतं नाव

पडद्यावर माझं नाव दिसलं आणि हेलनला हसू आलं. ओळखीचं माणूस भलत्याच ठिकाणी भेटावं, तसं साधं हसू. "अरे, तूसुद्धा आहेस यात," ती इंग्रजीत म्हणाली आणि तिनं माझ्या नावावर बोट टेकवलं.

लंडनमधल्या एका संग्रहालयाची मीटिंग रूम. टेबलावर आम्ही बनवलेला टच स्क्रीन. चीनवर मांचू बादशहांचं राज्य होतं त्या काळातल्या कपड्यांचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि ते हेलनच्या हातात होतं. तिच्या शेजारी डॉक्टर ग्वान, प्रदर्शनाच्या सल्लागार, साठी उलटलेल्या चिनी बाई. आमच्या बाजूला तिघं. कंपनीचे मालक श्रीधरदादा, प्रोजेक्ट लीड निखिल, आणि मी. प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात भरलेली नावं मात्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहत होते.

खेळ सोपा होता. नाव निवडायचं. पडद्यावर तुमचं माणूस उभं राहतं, घराणं असेल त्याप्रमाणे अंगावर झगा चढतो. मग जोडीदार निवडायचा. लग्न चालतं की नाही ते पडदा सांगतो.

माझ्या नावानं पडद्यावर उभ्या राहिलेल्या बाईच्या अंगावर झगा चढला नाही. मातकट रंगाचं जाडंभरडं कापड, बस. खाली अक्षरं उमटली. "हीन कुळ. प्रतिष्ठित घराण्यात विवाह वर्ज्य."

हेलन अजून खेळातच होती. निखिल माझ्या शेजारी उभा होता म्हणून तिनं जोडीदाराच्या जागी त्याचं नाव दाबलं. तिला काय ठाऊक. घंटा वाजली. तो आवाज मीच शोधून लावला होता. पडदा लाल झाला. परवानगी नाही.

मग दादा हसले. "ऑफिस जोक आहे," त्यांनी इंग्रजीत खुलासा केला. "टेस्टिंगसाठी आम्ही आमचीच नावं टाकली. ती आमच्याकडच्या, यू नो, लोअर कम्युनिटीची आहे. खूप स्पोर्टिंग मुलगी आहे."

ग्वानबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हिच्याबद्दल हे कुणी ठरवलं?"

मी निखिलकडे पाहिलं. तो कीबोर्डकडे पाहत होता. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलले. म्हणाले, "सॉरी. मी दुरुस्त करते."

सॉरी मी म्हणाले. त्या खोलीत पाच माणसं होती आणि माफी मी मागितली. हे आठवलं की आजही माझे कान तापतात.

---

आमची कंपनी क्रॉयडनमध्ये, ट्रामच्या रस्त्यावर, एका कार्पेटच्या दुकानाच्या वर होती. आठ-दहा माणसं, सगळी मराठी. पुणे, मुंबई, नाशिक, आणि नागपूरची मी एकटी. मालकाला 'सर' म्हणायचं नाही, 'दादा' म्हणायचं. त्यांच्या बायकोला वहिनी. "आपण सगळे एका घरातले," हे दादांचं आवडतं वाक्य. ते अर्धं खरंही होतं. राहायला दादांचीच दोन घरं होती, भिंतीला भिंत लागून. एकात ते, दुसऱ्यात आम्ही. शनिवारी भाजी आणायला दादांच्या गाडीतून जायचं. पगारवाढीचं बोलणं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर व्हायचं आणि वहिनी मध्येच विचारायच्या, अजून आमटी हवी का. तोंडात घास असताना पगाराबद्दल कोण भांडणार.

आणि सगळ्यांत वर, वर्क परमिट. ते कंपनीच्या नावावर असतं. कंपनी सुटली की देश सुटला. दुसरी कंपनी मिळेपर्यंत थांबायला कुणी देत नाही. माझं परमिट त्या उन्हाळ्यात संपत होतं आणि वाढवून घ्यायचं की नाही, ते दादांच्या सहीवर होतं. दगडाखाली हात सापडला की माणूस दगडालाच दादा म्हणतो.

दुपारचं जेवण वहिनी पाठवायच्या. स्टीलचे डबे, झाकणावर नेलपॉलिशनं प्रत्येकाचं नाव. माझंही होतं. चौदा एप्रिलपर्यंत होतं.

त्या दिवसाची मी सुट्टी मागितली. दादांनी कारण विचारलं. मी सांगितलं, भीमजयंती आहे, विहारात जायचंय. लपवायची मला सवय नव्हती. आमच्या घरी दारातून आत आलं की समोर बाबासाहेबांचा फोटो. माझ्या आडनावावरून मात्र काही कळत नाही, गावावरून पडलेलं 'कर'वालं आडनाव. दादा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अच्छा, अच्छा. जा की. छानच."

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी माझं जेवण आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यातून आलं. मला वाटलं स्टीलचा कुठे राहिला असेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा प्लॅस्टिक. मी वहिनींना विचारलं. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, तुला धुवायची, परत आणायची कटकट नको. खाल्लंस की टाकून दे." भाजी तीच होती, पोळ्या त्याच होत्या. फक्त माझा डबा त्यांच्या घरात परत जायचा नव्हता. ते डबे मी टाकले नाहीत. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. धुऊन कपाटात एकावर एक रचत गेले.

---

त्याच दिवसांत मी मांचूंचे नियम प्रोग्राममध्ये बसवत होते.

ग्वानबाईंनी मला संग्रहालयाच्या कोठारात नेऊन एक झगा दाखवला होता. निळं रेशीम, घोड्याच्या खुरासारखी बाही, मनगटावर उलटून घ्यायची. त्यांनी हात मागे बांधून समजावलं, कारण कापडाला बोट लावायचं नसतं. मांचू लोक उत्तरेकडून घोड्यांवर आले आणि त्यांनी चीन जिंकला. जिंकलेल्या चिनी पुरुषांना हुकूम झाला, डोकं पुढून भादरा आणि मागं लांब वेणी ठेवा. ज्यानं केस राखले त्याचं डोकं गेलं. चिनी बायका पाय बांधायच्या. मांचू बायकांना पाय बांधायची बंदी. चिनी बायका कानाला एक भोक पाडायच्या, मांचू बायकांनी तीन पाडायची. राजवाड्यात मुली निवडायला आणल्या जायच्या तेव्हा बादशहा कुरकुर करायचा, की ह्यांच्या बाह्या चिनी बायकांसारख्या रुंद व्हायला लागल्यात, कानांत एकच डूल आहे.

"बादशहाला एवढं कसं दिसायचं?" मी विचारलं.

"भीती होती त्याला," ग्वानबाई म्हणाल्या. "ते मूठभर होते. विरघळून जाऊ असं वाटायचं."

मूठभर माणसं, म्हणून त्यांनी शहरात स्वतःपुरत्या भिंती बांधल्या. भिंतीच्या आत मांचू सैनिक आणि त्यांची कुटुंबं, रंगीत निशाणांखाली विभागलेली. पिवळं, पांढरं, लाल, निळं. त्यांना सरकारातून धान्याचा आणि पैशाचा वाटा ठरलेला, पण परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, दुसरा धंदा करायचा नाही. आणि लग्नावर पहारा. निशाणाखालच्या पुरुषानं चिनी बाई घरात आणली तर बहुतेक चालून जायचं. निशाणाखालची मुलगी चिनी घरात गेली तर तिचं नाव निशाणातून पुसलं जायचं. सगळ्यांच्या खाली हीन म्हणून ठरवलेली माणसं. गुलाम, तमासगीर, आणखी काही जाती. त्यांनी साध्या शेतकऱ्याच्या घरातही सोयरीक करायची नाही.

वरच्या पुरुषाला खालची बाई चालते, खालच्या पुरुषाला वरची बाई चालत नाही. हा नियम लिहायला मला ग्वानबाईंचं टिपण परत उघडावं लागलं नाही. मी तो नागपुरात जन्मल्यापासून ओळखते. आमच्याकडे त्याला अनुलोम आणि प्रतिलोम अशी भारदस्त नावं आहेत.

कपड्यांचंही तेच. माझी आजी सांगायची, तिच्या आईच्या काळात आमच्या बायकांनी काठाचं लुगडं नेसलं तरी काठ दिसू द्यायचा नाही, निऱ्यांत आत दडपायचा. काठ दिसला तर पाटलाच्या वाड्यावर बोलावणं यायचं. ती मला साडी नेसवायची तेव्हा निऱ्या पुन्हा पुन्हा सोडून नीट करायची, काठ बाहेर आला की नाही बघायची. मला कंटाळा यायचा. ते झग्यांचे नियम टाइप करताना मला तिची बोटं आठवली.

ग्वानबाईंनी त्या दिवशी आणखी एक सांगितलं होतं. त्यांची आजी मांचू होती. राज्य बुडालं तेव्हा काही शहरांत मांचूंची कत्तल झाली. बायका ओळखू यायच्या त्या न बांधलेल्या पायांवरून आणि कानाच्या तीन भोकांवरून. आजी पळाली. लांबलचक मांचू कुळनाव टाकून तिनं एकाक्षरी चिनी आडनाव घेतलं. दोन भोकांत काहीच घातलं नाही, ती बुजू दिली. पुढे चिनी माणसाशी लग्न केलं आणि मरेपर्यंत नवऱ्याला सांगितलं नाही. ग्वानबाईंना ते कळलं ते आजीला शेवटची आंघोळ घालताना, कानाच्या पाळीवरची बुजलेली भोकं हाताला लागली म्हणून.

मला त्या आजीचं वाईट वाटलं. पण पुरतं नाही वाटलं. ते राज्यकर्ते होते, त्यांनी आधी लाखो लोकांची डोकी भादरली होती. आम्ही कधी कुणाचं काही भादरलं नव्हतं, तरी भोकं बुजवायची पाळी आमच्यावर येते. हे मी ग्वानबाईंना बोलून दाखवलं नाही. त्या संध्याकाळी निखिलला मात्र सांगितलं.

निखिल. त्याच्याबद्दल सांगायला हवं.

निखिल पुण्याचा, हुशार, बोलायला मऊ. आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं आणि ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा व्हिसावर असलेल्या माणसांना इथे रजिस्टर लग्न करायचं तर आधी सरकारकडून परवानगी घ्यावी लागायची. आम्ही ती मागणार होतो. निशाणाखालच्या मुलीला राजाची परवानगी आणि मला राणीची, असं मी त्याला चिडवायचे. तो हसायचा. त्याच्या घरचं काय, असं विचारलं की म्हणायचा, "दिवाळीत सांगतो. तुझं आडनाव तसं न्यूट्रल आहे. स्वतःहून कशाला सांगायचं? त्यांनी विचारलं तर बघू."

मी हो म्हटलं होतं. प्रेमात माणूस कशालाही हो म्हणतं.

---

मीटिंगनंतर दादा गाडीनं गेले. मी आणि निखिल ट्रेननं. दुपारची वेळ, डबा अर्धा रिकामा. तो खिडकीबाहेर पाहत होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"टेस्ट डेटा होता गं. दादा मागे उभं राहून सांगत होते, मी टाइप करत होतो. सगळ्यांचंच टाकलं. दादा राजघराणं, मी पिवळं निशाण, आपला केदार मंगोल सरदार. सगळे हसत होते."

"मी कुठे होते?"

"तू जयंतीला गेली होतीस."

म्हणजे मी विहारात पांढरी साडी नेसून वंदना म्हणत होते, तेव्हा इकडे माझं कुळ ठरत होतं. निळं निशाणही होतं त्या मांचूंकडे. दादांनी मला तेवढंसुद्धा दिलं नाही.

"माझ्या नावापुढे काय टाकायचं ते कुणी सांगितलं?"

"दादांनी."

"आणि तू टाकलंस."

"मी बदलणार होतो. डेमोचं व्हर्जन बनवताना राहून गेलं." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "पर्सनली घेऊ नकोस ना."

राहून गेलं. गॅस बंद करायचा राहून जातो. छत्री राहून जाते. माझ्या नावापुढे हीन लिहिलेलं राहून गेलं, आणि ज्या हातानं लिहिलं तो हात माझ्या हातावर होता. मी हात काढून घेतला नाही. हे लिहायला जड जातंय, पण नाही काढला. ईस्ट क्रॉयडन येईपर्यंत तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दादांनी घरी बोलावलं. जेवणाचं टेबल, वहिनींचा चहा, निखिल आधीच येऊन बसलेला. संग्रहालयातून फोन आला होता. हेलनच्या वरच्या साहेबाला खुलासा हवा होता. एका कर्मचाऱ्याची जात जाहीरपणे दाखवणारी कंपनी त्यांना नको होती. पुढच्या आठवड्यात परत मीटिंग होती.

"सोपं आहे," दादा म्हणाले. "तू सांग की ते तूच टाकलं होतंस. स्वतःवरच जोक केला. इथे बघ, आपणच आपल्यावर हसलं तर कुणी ऑफेन्स घेत नाही. दुसऱ्यानं केलं की रेसिझम. तू बोललीस की विषय संपला."

"पण मी टाकलेलं नाही."

"अगं, कोणी टाकलं हा मुद्दाच नाहीये. कंपनी वाचली पाहिजे. दहा घरं चालतात." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि तुझं परमिटचंही बघायचंय आपल्याला. ते मी करतोच आहे. घरचीच आहेस तू."

वहिनींनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. निखिल म्हणाला, "दोन वाक्यं आहेत फक्त."

मी विचार करते म्हणाले आणि उठले. बाजूच्या घरात, माझ्या खोलीत जाऊन बसले. भिंतीपलीकडे त्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता. ऑफिस त्यांचं, घर त्यांचं, ताटातलं त्यांचं, देशात राहायचा कागद त्यांचा, आणि ज्याच्याशी लग्न करायचं तो त्यांच्या टेबलावर बिस्किट चहात बुडवत बसलेला. ग्वानबाईंनी सांगितलेली ती शहरातली भिंत मला कळली. आतल्यांना वाटतं आपण सुरक्षित आहोत. मी तर आतलीही नव्हते. भिंतीच्या आत कोंडलेली बाहेरची होते.

तो आठवडा मी कशी जगले ते सांगण्यासारखं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. सकाळी ट्राम दिसली की वाटायचं हिच्यात बसावं आणि शेवटच्या स्टॉपला उतरून चालत राहावं. पण परत यायचं कुठे, तर त्याच घरात. ऑफिसात केदार आणि बाकीचे माझ्याशी जास्तच प्रेमानं बोलायला लागले. आजारी माणसाशी बोलतात तसं. निखिल रोज समजवायचा. "एकदा बोलून टाक. परमिट होईल, परवानगी येईल, लग्न होईल. मग दादांना विचारतंय कोण?" त्याचं खोटं नव्हतं. त्याला खरंच माझ्याशी लग्न करायचं होतं. मी कोण आहे ते बाजूला ठेवून करायचं होतं, एवढंच.

रविवारी मी आईला फोन केला. माझी आई नागपूरला सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर झाली आहे. तिला सगळं सांगितलं. निखिलचंही, पहिल्यांदाच. मला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल.

ती म्हणाली, "तू काऊन रडून राहिली? तू लिहिलं का ते?"

"नाही."

"मंग झालं. नोकरी दुसरी भेटन. पण तू आपल्या तोंडानं एकदा म्हटलं ना, का हे मीच माह्या नावापुढं लिहिलं, तं ते खरं होऊन जाते. मंग कोणी पुसत नाही." मग तिनं विचारलं, "आन् तो पोरगा? तो काय म्हणते?"

"तो म्हणतो, बोलून टाक."

"हं," आई म्हणाली. एवढंच. आईच्या त्या 'हं'मध्ये निखिलचा निकाल लागला होता. मला मान्य करायला अजून दोन दिवस लागले.

---

मीटिंगला मी साडी नेसून गेले. कामाला मी कधी साडी नेसत नसे. निळी, रुंद पांढऱ्या काठाची. निऱ्या स्वतः घातल्या आणि काठ आजीसारखा तपासला. दादांनी गाडीत बसताना पाहिलं आणि म्हणाले, "अरे वा, ट्रॅडिशनल. चांगलं इम्प्रेशन पडेल." त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूनं नटले.

तीच खोली. हेलन, तिचे वरिष्ठ, ग्वानबाई, आणि इकडे आम्ही तिघं. दादांनी सुरुवात केली. गैरसमज, चाचणीची पद्धत, तरुण टीम, मोकळं वातावरण. मग म्हणाले, "तीच सांगेल तुम्हाला." आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. शाळेत पोराला कविता म्हणायला उभं करतात तशी.

इंग्रजी वाक्यं मी घोकून आले होते, ती सगळी गेली. जी आली ती साधी आली.

"ते मी लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "मी सुट्टीवर होते. माझ्या मालकांनी सांगितलं आणि ह्यांनी टाइप केलं." मी निखिलकडे बोट दाखवलं. "तो जोक नव्हता. ते मला तसंच समजतात. मागच्या वेळी मी तुमची माफी मागितली. ती परत घेते. ती माझी मागायची नव्हती."

दादांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. निखिल हळूच मराठीत म्हणाला, "काय करतेस तू."

हेलनचे वरिष्ठ चांगले गृहस्थ होते. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले की झाला प्रकार खेदजनक आहे. मग म्हणाले, हा लग्नाचा भाग जरा नाजूकच आहे, आपण तो काढून टाकूया का? फक्त कपडे ठेवूया. रेशीम, भरतकाम, रंग. लोकांना तेच आवडतं.

दादांनी ताबडतोब मान डोलावली. अगदी बरोबर. कपडेच ठेवू. त्या खोलीत त्या दोघांचं किती चटकन जमलं.

आणि मला राग आला. आठवडाभर जो येत नव्हता तो आला.

"काढू नका," मी म्हणाले. "तो झगा कुणी घालायचा नाही, हे सांगितलं नाही तर झग्याचं काय सांगणार तुम्ही? कानात तीन डूल का, ते लग्नाशिवाय कळत नाही. नियम ठेवा. हीन ठरवलेली माणसंही ठेवा. माझं नाव तेवढं काढा, कारण ते तिथलं नाही."

वरिष्ठांनी नोंद घेतो म्हटलं. साहेब लोक नोंद घेतो म्हणतात तेव्हा पेन उघडत नाहीत. ग्वानबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचा हात सहज कानाकडे गेला, पाळीला लागला, खाली आला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

पुढे त्यांनी तो भाग ठेवला की काढला, मला माहीत नाही. प्रदर्शन उघडलं तेव्हा मी तिथे नव्हते.

खाली कार पार्कमध्ये दादा मराठीत बोलले, आणि पहिल्यांदाच खरं बोलले. "तुम्हा लोकांना किती दिलं तरी उलटणारच. परमिटचं विसर. महिनाअखेर खोली रिकामी कर." मग गाडीत बसले. मला बस म्हणाले नाहीत, मी बसणार नव्हतेच.

निखिल मागे राहिला. "थोडं थांबली असतीस," तो म्हणाला. "आपलं झाल्यावर बोलली असतीस."

"तुझ्या आईबाबांना आज फोन कर," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर. मी कोण आहे ते सांग."

त्याने खिशातून मोबाइल काढला. हातात धरला. पुण्यात रात्र झाली असेल, म्हणाला, बाबांचं बीपी आहे, फोनवर नीट सांगता येणार नाही, दिवाळीत समोरासमोर. मी थांबले. तो फोनकडे पाहत राहिला, त्या दिवशी कीबोर्डकडे पाहत होता तसाच. मग मी स्टेशनकडे चालायला लागले. तो मागून आला नाही.

त्या आजीनं कानाची भोकं बुजवली ती जीव वाचवायला. मी कशासाठी बुजवणार होते? पुण्यातल्या एका दिवाणखान्यात सोफ्यावर बसायला मिळावं म्हणून.

महिनाअखेरीला मी खोली रिकामी केली. बॅग भरली, बाबासाहेबांचा लहान फोटो हँडबॅगेत घातला. मग कपाटातले ते आइस्क्रीमचे डबे काढले. एप्रिलपासूनचे. धुतलेले, पुसलेले, एकावर एक. दोन्ही हातांत मावेनात म्हणून ओढणीत बांधले आणि शेजारच्या दारावर बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. ओढणी सोडून मी ते डबे त्यांच्या पायरीवर रचले.

"अगं, हे कशाला परत आणलेस?" त्या म्हणाल्या. "टाकून द्यायचे होते ना."

"तुमचे आहेत," मी म्हणाले. "तुम्हीच टाका."

मी नागपूरला परतले. लोक विचारतात, लंडनची नोकरी अशी कशी गेली? मी सांगते, गेली नाही, सोडली, आणि का सोडली तेही सांगते. ऐकणाऱ्याला अवघडलं तर अवघडू दे. आता जिथे काम करते तिथे चौदा एप्रिलची सुट्टी मी कारण सांगूनच घेते. लग्नाचं बोलणं निघालं तर पहिल्या वाक्यात सांगते मी कोण ते, दुसऱ्या वाक्याची वाट बघत नाही. माझं नाव मी कुणाला वापरायला देणार नाही, खेळायलाही नाही आणि चाचणीपुरतंही नाही. आणि कुणाच्या गुन्ह्याची माफी पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही.